मुली उगाळतात, मुलगे टाळतात: किशोरवयातल्या दोन सवयी आणि त्यांची किंमत

१७ ऑक्टोबर १९८९ च्या संध्याकाळी पाच वाजून चार मिनिटांनी कॅलिफोर्नियात मोठा भूकंप झाला. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात ६३ माणसं दगावली, रस्ते आणि पूल कोसळले, कित्येक दिवस लोक धास्तावलेले होते. तिथून जवळच स्टॅनफर्ड विद्यापीठात सुझन नोलन-होक्सेमा या तरुण मानसशास्त्रज्ञ शिकवत होत्या. योगायोग असा, की भूकंपाच्या दोन आठवडे आधीच त्यांनी १३७ विद्यार्थ्यांकडून एक प्रश्नावली भरून घेतली होती. मन उदास असतं तेव्हा तुम्ही काय करता, हा तिचा विषय. त्या उदासीचाच विचार करत बसता, की उठून दुसऱ्या कशाला तरी लागता?

भूकंपानंतर दहा दिवसांनी आणि मग सात आठवड्यांनी त्याच विद्यार्थ्यांना पुन्हा गाठलं गेलं. ज्यांना आधीपासून तेच तेच उगाळायची सवय होती, ते जास्त खचलेले आढळले. त्यांची भूकंपापूर्वीची उदासी हिशेबात धरली तरीही निष्कर्ष तोच राहिला.

या अभ्यासाचं मोल एका साध्या गोष्टीत आहे. ‘जास्त विचार करतो म्हणून उदास, की उदास आहे म्हणून जास्त विचार?’ हा प्रश्न या क्षेत्राला कायम सतावतो. इथे सवय आधी मोजली गेली होती आणि आघात नंतर आला. असा प्रयोग ठरवून करता येत नाही. नोलन-होक्सेमांनी पुढचं सगळं आयुष्य, २०१३ मध्ये निधन होईपर्यंत, मुख्यतः याच एका सवयीच्या मागावर घालवलं. त्यांना पडलेला मूळ प्रश्न मात्र वेगळा होता: बायकांमध्ये नैराश्य पुरुषांच्या जवळपास दुप्पट का आढळतं, आणि हा फरक नेमका किशोरवयातच का सुरू होतो?

उगाळणं म्हणजे नक्की काय

समजा, नववीतली सई आणि तिच्याच वर्गातला ओंकार. दोघांनाही सहामाहीत गणितात कमी मार्क पडलेत, आणि त्याच आठवड्यात दोघांनाही मित्रमंडळींनी एका व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढून टाकलंय. दुखणं सारखंच आहे.

सई रात्री पडल्या पडल्या विचार करते. मलाच का काढलं? परवा मी काही बोलले का? त्या दोघी माझ्याकडे बघून हसत होत्या, ते यावरूनच का? माझ्याशीच लोक असं का वागतात? मी आहेच तशी. तासाभराने ती पुन्हा पहिल्या प्रश्नावर येते. नवीन काही सापडलेलं नसतं, पण मगाशी फक्त ग्रुपचं दुःख होतं, आता त्याला गणित, दिसणं आणि गेल्या वर्षीचं गॅदरिंगही येऊन चिकटलेलं असतं.

ओंकार दप्तर फेकतो, खेळायला जातो, किंवा फोनवर गेम लावून बसतो. आईने विचारलं तर ‘काही नाही’ म्हणतो. दुसऱ्यांदा विचारलं तर खेकसतो.

संशोधक ज्याला उगाळणं म्हणतात ते सईचं आहे: दुःखाची कारणं, लक्षणं आणि परिणाम यांवर मन पुन्हा पुन्हा जात राहणं, पण कृतीकडे न वळणं. विचार करणं आणि उगाळणं यांत फरक आहे, आणि तो नोलन-होक्सेमांच्या गटालाही उशिराच नीट सापडला. २००३ मध्ये त्यांनी स्वतःच्याच प्रश्नावलीची चिरफाड केली, तेव्हा तिच्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या निघाल्या. एक, कुढणं: ‘माझ्याच वाट्याला हे का?’, ‘इतरांना नसलेल्या अडचणी मलाच का?’ दुसरी, शांतपणे बसून काय घडलं ते समजून घेणं, वाटल्यास लिहून काढणं. काही काळाने वाढणाऱ्या नैराश्याशी नातं दिसलं ते कुढण्याचं. समजून घेणाऱ्यांना त्या वेळी त्रास होत होता, पण पुढे तो कमी होत गेलेला दिसला. म्हणजे ‘फार विचार करते’ ही तक्रार तशी अर्धवट आहे. विचार कुठे पोचतो, ते पाहायला हवं.

कुढणारा माणूस थांबत का नाही? कारण त्याला आतून वाटत असतं, की आपण काहीतरी महत्त्वाचं उलगडतोय. सोन्या ल्युबोमिर्स्की आणि नोलन-होक्सेमा यांच्या नव्वदच्या दशकातल्या प्रयोगांत हे पुन्हा पुन्हा दिसलं. उदास विद्यार्थ्यांना स्वतःबद्दल विचार करायला लावलं, की आपल्याला स्वतःविषयी खोल समज येतेय असं त्यांना वाटे. प्रत्यक्षात अडचणींवर त्यांनी सुचवलेले उपाय कच्चे असत आणि ते अमलात आणायची त्यांची तयारीही कमी असे. मेहनत खरी, तिचं फळ मात्र उलटं.

बारा वर्षांपर्यंत फरक नाहीच

लहानपणी मुलगी आणि मुलगा यांच्या नैराश्यात म्हणण्यासारखा फरक नसतो. कित्येक अभ्यासांत लहान वयात मुलग्यांनाच किंचित जास्त त्रास दिसतो, शिवाय चंचलता आणि आक्रमक वागणं यांच्या तक्रारी त्यांच्याबाबत जास्त असतात. मग बारा-तेराच्या आसपास चित्र पालटतं. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या जॅनेट हाइड आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये ९० हून अधिक देशांतल्या अभ्यासांची एकत्र मांडणी प्रसिद्ध केली. मुली आणि मुलगे यांच्यातली दरी सगळ्यात रुंद दिसली ती १३ ते १५ या वयात: निदान झालेल्या नैराश्याची शक्यता मुलींमध्ये ढोबळमानाने तिप्पट. पुढे मोठेपणी ती दुप्पटीच्या आसपास येऊन स्थिरावते. तेरा ते पंधरा म्हणजे आठवी ते दहावी. आपल्याकडे ज्या तीन वर्षांत घरातलं सगळं बोलणं टक्केवारीवर येऊन ठेपतं, नेमकी तीच.

इथे एक खबरदारी घ्यायलाच हवी, नाहीतर हा लेख ‘बायका अशा, पुरुष तसे’ या चावडीवरच्या गप्पांत जमा व्हायचा. नैराश्यातली दरी मोठी आहे. उगाळण्याच्या सवयीतली दरी मात्र लहान आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित अभ्यासात (म्हणजे अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करून केलेल्या मोजणीत) प्रौढ स्त्री-पुरुषांमधला हा फरक मोजला गेला. त्याचा सोपा अर्थ असा: कोणतीही एक स्त्री आणि कोणताही एक पुरुष अशा शंभर जोड्या लावल्या, तर साधारण ५७ जोड्यांत स्त्री जास्त उगाळणारी निघेल आणि ४३ जोड्यांत पुरुष. उंचीचा असाच हिशेब केला तर शंभरातल्या नव्वदहून अधिक जोड्यांत पुरुष उंच निघतो. उगाळणं हे उंचीसारखं नाही. तुमच्या वर्गात रात्रभर कुढणारे मुलगे आहेत, आणि दप्तर फेकून खेळायला पळणाऱ्या मुलीही आहेत. हाइड यांनीच २००५ मध्ये स्त्री-पुरुषांच्या मानसिक फरकांवरच्या ४६ एकत्रित अभ्यासांचा आढावा घेतला होता. त्यात तपासलेल्या फरकांपैकी ७८ टक्के एकतर लहान होते किंवा जवळजवळ शून्य.

मग लहान सवयीतून मोठी दरी कशी? एकट्या सवयीतून नाहीच होत. ती बाकीच्या गोष्टींच्या साथीने काम करते.

मुलीच्या वाट्याला काय काय येतं

शरीर आधी. पाळी येणं, छाती वाढणं, चेहरा बदलणं हे मुलींमध्ये मुलग्यांच्या आधी सुरू होतं. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या एका दीर्घ अभ्यासात मुलींमधल्या नैराश्याची वाढ वयाच्या आकड्यापेक्षा शरीराच्या वाढीच्या टप्प्याशी जास्त जुळलेली दिसली. मैत्रिणींच्या आधी वयात येणाऱ्या मुलींना धोका जास्त, हेही अनेक ठिकाणी दिसलं आहे. हार्मोन्सचा वाटा आहे. पण ‘सगळं हार्मोन्समुळे’ म्हणून हात झटकणं मला पटत नाही, कारण त्याच वयात आजूबाजूचे लोकही मुलीशी वेगळं वागू लागतात, आणि हे दोन धागे एकमेकांपासून सोडवणं अवघड आहे.

मेंदूची वाढही याच वेळी होते. याच सुमाराला ‘लोक माझ्याबद्दल काय विचार करत असतील’ हे कल्पनेत उभं करता येऊ लागतं. डेव्हिड एल्काइंड यांनी १९६७ मध्ये किशोरवयातल्या काल्पनिक प्रेक्षकांबद्दल लिहिलं: आपण सतत रंगमंचावर आहोत आणि सगळे आपल्याकडेच बघताहेत, असं या वयात वाटतं. मुलीच्या बाबतीत हे प्रेक्षक पुरते काल्पनिकही नसतात. बसस्टॉपवर, लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या गेटवर तिच्याकडे खरोखरच बघणारे असतात, आणि ‘जरा बारीक हो’, ‘उन्हात फिरू नकोस, काळी पडशील’ असं तोंडावर सांगणाऱ्या मावश्या-आत्याही असतात.

म्हणजे ताण खरा असतो. नोलन-होक्सेमांनी १९९९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सुमारे ११०० प्रौढांवरचं काम प्रसिद्ध केलं. त्यात बायकांच्या वाट्याला रोजची ओढाताण जास्त होती, परिस्थिती आपल्या हातात आहे ही भावना कमी होती आणि उगाळणंही जास्त होतं. या तिन्ही गोष्टी एकमेकींना खतपाणी घालत होत्या. हातात काहीच नसेल तर माणूस विचारच करत बसणार. ‘बायकांना उगाच विचार करायची खोड’ म्हणणाऱ्यांनी हा अभ्यास दोनदा वाचावा.

वळण घरातही लागतं. रॉबिन फायवुश यांनी आई आणि लहान मुलांमधल्या गप्पा टेप करून तपासल्या. आया मुलींशी दुःखाबद्दल जास्त बोलत होत्या, रागाचा विषय मात्र मुलग्यांशी निघे. मूल तीन वर्षांचंही नसतं तेव्हाची ही गोष्ट. आपल्याकडे हे सांगायला टेप लागत नाही. पडून रडणाऱ्या मुलाला ‘मुलींसारखा काय रडतोस’ आणि चिडलेल्या मुलीला ‘मुलीच्या जातीला शोभत नाही’ ही दोन वाक्यं पुरेशी आहेत.

आणि आता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा मुद्दा, ज्यावर आपल्याकडे फारसं कुणी बोलत नाही. उगाळणं तोडायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे लक्ष दुसरीकडे जाईल अशा ठिकाणी जाणं: मैदान, सायकल, नदीकाठ, मैत्रिणीचं घर. मुलगी वयात येते आणि नेमकं तेच तिच्याकडून काढून घेतलं जातं. ‘आता मोठी झालीस.’ सातवीपर्यंत खो-खोत पुढे असलेली मुलगी नववीत क्लासहून थेट घरी येते. भाऊ संध्याकाळी कट्ट्यावर असतो. तिच्या हातात उरतो मोबाईल, आणि दुखणं जर त्या मोबाईलमधल्याच ग्रुपचं असेल तर सुटकेची वाटही तिथेच आणि जखमही तिथेच. मुलगी घरात बसून कुढते हे आपल्याला दिसतं. तिला घरात कुणी बसवलं, ते मात्र आपण विसरतो.

गोव्यातल्या संगाथ या संस्थेने १२ ते १६ वयाच्या २०४८ मुलामुलींचा अभ्यास केला होता. तो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. मानसिक विकाराचं प्रमाण एकंदरीत बरंच कमी निघालं, दोन टक्क्यांच्या आतच. पण ज्या मुलींना मुलगी म्हणून भेदभाव सोसावा लागला त्यांच्यात ते जास्त होतं. अडीअडचणीला मुख्य आधार घरच्यांचा आहे असं सांगणाऱ्यांमध्ये कमी. परिसर असुरक्षित वाटणं, अभ्यासातल्या अडचणी, मारहाण किंवा शिवीगाळ यांचाही संबंध दिसला.

मैत्रिणीशी बोल म्हणजे मोकळं वाटेल?

हा सल्ला आपण सर्रास देतो. मिसुरी विद्यापीठाच्या अमांडा रोझ यांनी २००२ मध्ये त्याला एक महत्त्वाची तळटीप जोडली. दोन मैत्रिणी मिळून एकच दुखणं तासन्‌तास चघळतात, तर्क लढवतात, ‘तो असं का म्हणाला असेल’ यावर रात्री एक वाजेपर्यंत मेसेज करतात. याला जोडीने उगाळणं म्हणू. मुलींमध्ये हे मुलग्यांपेक्षा जास्त आढळलं, आणि त्याचे दोन परिणाम एकाच वेळी दिसले: मैत्री घट्ट, उदासी जास्त.

२००७ मध्ये रोझ यांनी ८०० हून अधिक शाळकरी मुलामुलींचा सहा महिने मागोवा घेतला. जोडीने उगाळणाऱ्या मुलींची मैत्री काळाबरोबर अधिक गहिरी होत गेली आणि चिंता-उदासीही वाढत गेली. मुलग्यांच्या बाबतीत मैत्री वाढली, त्रास मात्र वाढलेला दिसला नाही. गंमत अशी, की ज्या मुली आधीच उदास होत्या त्या जोडीने जास्त उगाळू लागल्या. म्हणजे हे चक्रच झालं, आणि त्यात मैत्रीचं गोड बक्षीस असल्यामुळे बाहेर पडावंसंही वाटत नाही. पुढच्याच वर्षी, २००८ मध्ये, त्याच विद्यापीठातल्या एका प्रयोगात मैत्रिणींच्या जोड्यांना अडचणींवर बोलायला बसवलं. ज्या जोड्यांनी जास्त उगाळलं त्यांच्या लाळेत कॉर्टिसोल हे ताणाचं हार्मोन वाढलेलं सापडलं.

यावरून कुणी मुलीला ‘मैत्रिणींशी बोलत जाऊ नकोस’ म्हणेल तर मोठा घोळ होईल. एकटेपणा यापेक्षा वाईट. बोलावं, पण बोलण्याला कधीतरी वळण यायला हवं: बरं, मग आता उद्या काय करायचं? चांगली मैत्रीण तीच जी तासभर ऐकते आणि मग ‘चल, भेळ खाऊन येऊ’ म्हणते. हे माझं मत आहे, पण वरच्या आकड्यांशी ते जुळतं.

ओंकारचं काय?

मुलगे बोलत का नाहीत? आपण धरून चालतो की त्यांना लाज वाटते, कमीपणा वाटतो, कुणी हसेल अशी भीती वाटते. रोझ यांनी सुमारे दोन हजार मुलामुलींना विचारलं: अडचणीबद्दल बोललात तर कसं वाटेल? २०१२ मध्ये आलेल्या या निष्कर्षांनी भल्याभल्यांना चकवलं. लाज किंवा भीती याबाबतीत मुलगे मुलींपेक्षा फारसे वेगळे नव्हते. त्यांचं म्हणणं साधं होतं: विचित्र वाटेल, आणि वेळ फुकट जाईल. त्याने काय होणार?

हे कळलं की ओंकारशी बोलायची रीत बदलते. ‘मोकळा हो, लाजू नकोस’ याचा उपयोग नाही, कारण लाज हा मुख्य मुद्दाच नाही. बोलून काही हाती लागतं, हे त्याला दिसायला हवं. समोरासमोर बसवून ‘सांग काय झालं’ म्हणण्यापेक्षा गाडी धुताना, पंक्चर काढायला जाताना, क्रिकेट बघताना एखादं वाक्य सहज निघतं. मग त्यावर एक छोटा, कामाचा उपाय दोघांनी मिळून शोधायचा. ट्यूशनच्या सरांशी बोलू या का? कुठला धडा अडतोय?

लक्ष दुसरीकडे नेणं ही ओंकारची जमेची बाजू. ती थोड्या वेळाला औषधासारखी लागू पडते. पण ती कायमची पळवाट झाली की दुखणं दुसरीकडून फुटतं: चिडचिड, मारामारी, सिगारेट, दारू, रात्रभर गेम. आणि हे दुखणंच आहे हे कुणाला ओळखू येत नाही. डॉक्टरांच्या निदानाच्या नियमांत लहान आणि किशोर मुलांसाठी उदासीऐवजी सततची चिडचिड हेही नैराश्याचं मुख्य लक्षण धरलं जातं. घरात मात्र तिचं निदान ‘शेफारलाय’ असं होतं आणि उपचार म्हणून फोन काढून घेतला जातो. रडणाऱ्या सईला किमान कुणीतरी जवळ घेतं.

म्हणून आकड्यांत मुलगे बरे दिसतात तेव्हा मी जरा साशंक होतो. प्रश्नावल्या बहुतेक ‘रडू येतं का, उदास वाटतं का’ असं विचारतात. जो या भाषेत बोलतच नाही तो त्यांच्या चाळणीतून खाली निसटतो.

भारतातलं चित्र सरळ नाही

पाश्चात्त्य देशांत एक ठरलेली विसंगती सांगतात: नैराश्य मुलींमध्ये जास्त, आत्महत्येने होणारे मृत्यू मुलग्यांमध्ये जास्त. भारतात लहान वयात हे तसं दिसत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२० च्या आकडेवारीत १८ वर्षांखालच्या ११,३९६ मुलामुलींची आत्महत्या म्हणून नोंद आहे: ५,३९२ मुलगे आणि ६,००४ मुली. मुली जास्त. दुसरीकडे, बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटात मानसिक विकारांचं प्रमाण ७.३ टक्के निघालं, आणि ते मुली व मुलगे यांच्यात जवळपास सारखं होतं. महानगरांत ते १३.५ टक्के, म्हणजे ग्रामीण भागाच्या सुमारे दुप्पट.

या दोन आकड्यांतून एवढं तरी म्हणता येतं, की ही दरी सगळ्या जगात एकाच मापाची नाही. फक्त हार्मोन्सचा खेळ असता, तर सांगलीच्या आणि स्टॉकहोमच्या मुलीची गोष्ट एकच असती. आपल्याकडे मुलीच्या ताणात लग्नाचा विषय आहे, घरकाम आहे, बंद दार आहे. मुलग्याच्या ताणात ‘आता तूच आधार’ आहे. परीक्षा दोघांनाही आहे. त्यातही एक विरोधाभास बघा: राज्य मंडळाच्या दहावीच्या २०२५ च्या निकालात मुली ९६.१४ टक्के उत्तीर्ण झाल्या, मुलगे ९२.३१ टक्के. निकालात पुढे असलं म्हणजे मन हलकं असतं असं नाही.

‘विचार करू नकोस’ याशिवाय काहीही

उगाळणाऱ्या मुलीला सगळ्यात जास्त वेळा मिळणारा सल्ला म्हणजे ‘सोड, विचार करू नकोस’. तो कुचकामी आहे. डॅनिएल वेग्नर यांनी १९८७ मध्ये लोकांना सांगितलं, की पुढची काही मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही. अस्वल येतच राहिलं, आणि नंतर बंदी उठवल्यावर तर आणखी जास्त आलं. विचार ढकलून जात नाही, त्याच्या जागी दुसरं काहीतरी यावं लागतं.

नोलन-होक्सेमांच्या प्रयोगात ते दुसरं काहीतरी अगदी साधं होतं. उदास विद्यार्थ्यांच्या एका गटाला आठ मिनिटं स्वतःच्या भावनांवर लक्ष द्यायला लावलं. दुसऱ्या गटाला आठ मिनिटं आकाशात तयार होणारे ढग, संथपणे समुद्र ओलांडणारी बोट अशा गोष्टी डोळ्यांसमोर आणायला सांगितल्या. पहिला गट आणखी उदास झाला, दुसऱ्याचं मन हलकं झालं. आठ मिनिटांत प्रश्न सुटत नाही हे खरं, पण मन थोडं वर आल्यावर त्याच प्रश्नाकडे पाहिलं तर बरा उपाय सुचतो. म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी उठायचं, एक फेरी मारून यायचं, दोरीवरच्या उड्या, गाणं, कणीक मळणं, काहीही. मग प्रश्न घ्यायचा.

प्रश्न घेताना ‘का’ सोडून ‘कसं’कडे वळायचं. इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठाचे एडवर्ड वॉटकिन्स यांनी याच तत्त्वावर उपचारपद्धती उभी केली. ‘माझ्याशीच लोक असं का वागतात?’ याला उत्तर नाही. ‘मंगळवारी ग्रुपवर नेमकं काय घडलं, कोणत्या मेसेजनंतर, आणि त्यातल्या एकीशी उद्या मधल्या सुट्टीत मला काय बोलता येईल?’ याला आहे. अशीच शिकवण नेदरलँड्समध्ये १५ ते २२ वयाच्या, खूप चिंता करणाऱ्या २५१ जणांवर तपासली गेली. काहींना सहा सत्रं गटात दिली, काहींना इंटरनेटवर. वर्षभरात नैराश्य जडण्याचं प्रमाण या दोन्ही गटांत, काहीच न मिळालेल्यांच्या तुलनेत, साधारण निम्म्यावर आलं. सवय शिकता येते तशी मोडताही येते, याला यापेक्षा चांगला पुरावा मला माहीत नाही.

भारतातही जवळपास याच दिशेने काम झालंय. विक्रम पटेल आणि संगाथच्या गटाने दिल्लीच्या सरकारी शाळांत अडचण सोडवण्याची पद्धत शिकवून पाहिली: अडचण नेमकी काय ते लिहा, पर्याय काढा, एक करून बघा. शिकवणारे मानसोपचारतज्ज्ञ नव्हते, थोडं प्रशिक्षण घेतलेले साधे समुपदेशक होते. ज्या अडचणी घेऊन मुलं आली होती, त्यांचा जाच समुपदेशकामुळे कमी झाला, नुसती पुस्तिका हाती दिल्यापेक्षा जास्त. बिहारमध्ये नालंदा जिल्ह्यातल्या ७४ शाळांत तर आणखी एक गोष्ट कळली. समुपदेशकाने शाळेचं वातावरण सुधारायचं काम केलं तिथे उदासी आणि दादागिरी दोन्ही कमी झाल्या. तेच काम शिक्षकांवर सोपवलं तिथे फरक पडला नाही. शिक्षकांना दोष द्यायचं कारण नाही, जनगणनेपासून निवडणुकीपर्यंत सगळं त्यांच्याच गळ्यात असतं. पण ‘समुपदेशनही वर्गशिक्षकच बघतील’ असा फतवा काढणाऱ्यांनी नालंदाची नोंद घ्यायला हवी.

घरच्या उपायांची हद्द कुठे संपते, तेही सांगायला हवं. उदासी किंवा चिडचिड दोन आठवड्यांहून जास्त रोज टिकली, झोप आणि भूक बिघडली, आवडीचं सगळं सुटलं, शाळेत जाणं बंद झालं, किंवा ‘मी नसते तर बरं झालं असतं’ अशा अर्थाचं काहीही मुलगी किंवा मुलगा बोलला, तर ते उगाळणं आणि टाळणं यांच्या पलीकडे गेलेलं असतं. तेव्हा डॉक्टरकडे जायचं, थेट आणि लवकर. मरणाचा विषय काढला तर त्यांच्या डोक्यात तो भरेल ही भीती खोटी आहे, सरळ विचारावं. आणि विचारून झालं की एकटं सोडू नये. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालू असते. तिथे मराठीतही बोलता येतं, आणि फोन आईवडिलांनी केला तरी चालतो.